मशीनशेजारचं धुकं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सांवेर रोडला आमचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा कारखाना आहे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. सहा इंजेक्शन मशिनं आहेत, दोन नवी आणि चार बाबांच्या काळातली. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सगळीकडे सेन्सर लावू, डेटा क्लाउडवर पाठवू, महिन्याचं भाडं द्या. पीथमपूरचा मित्र म्हणतो, तसं करू नकोस, फॉग कॉम्प्युटिंगचा डबा बसव. पावसाळ्यात आमचं इंटरनेट वरचेवर जातं. बाबा तर म्हणतात, आमचे फोरमन आवाजावरून सांगतात की चार नंबरचा पंप गुरगुरतोय, सेन्सर वेगळं काय सांगणार? कुणाचं ऐकू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मित्राचं ऐका, आणि बाबांचंही. दोघांच्या म्हणण्यात विरोध नाही.

पावसाळ्यात जानापावला गेला असालच. महूकडून जाताना माथ्यावर ढग दिसतो. वर पोचलो की तोच ढग अंगाला लागतो आणि आपण त्याला धुकं म्हणतो. फॉग हे नाव याच विचारातून आलं. लांबच्या डेटा सेंटरमधलं, म्हणजे क्लाउडवरचं, काम जमिनीवर, मशीनच्या शेजारी उतरवायचं. सिस्को कंपनीतल्या फ्लाव्हिओ बोनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली शोधनिबंधात ही कल्पना मांडली. २०१८ मध्ये तिच्या रचनेला आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १९३४ क्रमांकाचं मानकही मिळालं. तेव्हा ‘अगदी नवीन आलंय’ म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर देऊ नका.

तुमच्यापुरता फॉग म्हणजे पॅनेलमध्ये बसणारा, बिनपंख्याचा एक छोटा औद्योगिक संगणक. सहाही मशिनांची माहिती त्याच्याकडे येईल. तो तिथेच हिशेब करील, तिथेच हूटर वाजवील आणि वर पाठवायचं ते निवडून पाठवील.

निवडून का, ते आकड्यांत बघा. पंपाच्या थरथरीचा सेन्सर सेकंदाला १०,००० वेळा, तीन दिशांना मोजतो असं धरू. प्रत्येक मापाला २ बाइट म्हटले तरी सेकंदाला ६०,००० बाइट होतात. दिवसाचे पाच जीबीहून जास्त, आणि हे एका सेन्सरचे! तुम्हाला त्यातून हवं काय असतं? थरथर किती, कोणत्या वारंवारितेला, कालपेक्षा वाढली का. हे पाच-सहा आकडे दर मिनिटाला वर गेले तरी पुष्कळ झालं.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो हीटर बँडचा, म्हणजे बॅरलभोवतीच्या तापणाऱ्या पट्ट्यांचा हिशेब. बॅरलच्या (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीच्या) एका झोनमध्ये दोन-तीन बँड असतात. एक जळाला तरी बाकीचे तापमान सांभाळून नेतात, कंट्रोलरवर आकडा ठीक दिसतो आणि बिघाड कळतो तो रिजेक्शन वाढल्यावर. त्या झोनच्या वायरवर करंट मोजणारी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मरची कडी) अडकवली की डबा दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतो : कंट्रोलर उष्णता मागतोय, पण अँपिअर नेहमीपेक्षा कमी आहेत. हूटर त्याच पाळीत वाजतो.

आता इंटरनेट. मुंबईचं डेटा सेंटर लांब आहे म्हणून उशीर होतो, असं तुम्हाला सांगतील. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई गाठायला त्याला काही सहस्रांश सेकंद पुरतात. अडचण अंतराची नाही, तार तुटण्याची आहे. मी नोकरीत असताना एका कारखान्यात चिलरच्या पाण्याचा अलार्म आम्ही क्लाउडवरून फोनवर येईल असा लावला होता. तो आराखडा मीच मंजूर केला होता. बाहेर रस्ता खोदताना केबल तुटली, आणि त्याच रात्री पाण्याचा पंप बंद पडला. सेन्सरने बरोबर सांगितलं, निरोप राउटरपाशी थांबला. पहाटे पाळी बदलली तेव्हा कळलं. रात्रपाळीतला मुलगा पंपापासून वीस पावलांवर होता. तिथे साधा हूटर असता तर त्याने धावत जाऊन दुसरा पंप सुरू केला असता. ही गोष्ट मी प्रत्येक तरुण इंजिनिअरला सांगते.

म्हणून ठरवताना एकच विचारा : नुकसान किती वेळात होतं? साच्यात हात सापडायला क्षण पुरतो. त्यामुळे सेफ्टी गेट आणि इमर्जन्सी स्टॉप मशीनच्या स्वतःच्या रिलेवर, थेट वायरिंगनेच राहतील. फॉगच्या डब्याला त्यात हात घालू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. मिनिटांत नुकसान करणाऱ्या गोष्टी, म्हणजे तेलाचं तापमान, पाणी, हीटर, डब्याकडे द्या. महिन्यांचा हिशेब, कुठल्या साच्यात किती झाकणं वाया गेली वगैरे, खुशाल क्लाउडवर जाऊ द्या.

जुन्या मशिनांची काळजी करू नका. टेंपरेचर कंट्रोलर काढून मागची बाजू बघा. बऱ्याच मॉडेलांना आरएस-४८५ ची, म्हणजे दोन तारांवरून माहिती नेणाऱ्या जोडणीची, टर्मिनलं असतात. त्या दोन तारा हजार-बाराशे मीटरपर्यंत नेता येतात. त्यावर चालणारी मोडबस ही भाषा १९७९ पासूनची आहे आणि आजही सगळ्यांना समजते. विकणाऱ्याला विचारा, डबा मोडबस आणि एमक्यूटीटी (क्लाउडला निरोप पाठवायची भाषा) दोन्ही बोलतो का? इंटरनेट गेल्यावर माहिती साठवून, मूळ वेळेसकट, नंतर पाठवतो का? साठवण एसएसडीवर घ्या. मेमरी कार्डावर सतत लिहीत राहिलं की ते लवकर मरतं. डब्याला छोटा यूपीएस हवा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि ऑफिसच्या वायफायला मशिनं जोडू नका, त्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा.

बाबांचं म्हणणं इथे कामाला येतं. अलार्म कितीला वाजवायचा, हे डब्याला कोण सांगणार? पहिला महिनाभर हूटर बंद ठेवा, नुसती नोंद घ्या. फोरमनना एक वही द्या. आवाज बदलला, तेल गरम लागलं, झाकण अर्धवट भरलं, जे जाणवेल ते वेळ घालून लिहू देत. मग वही आणि डब्यातले आकडे समोरासमोर ठेवून, बाबा आणि फोरमन दोघांना शेजारी बसवून मर्यादा ठरवा.

सुरुवात एकाच मशीनपासून, चार नंबरपासूनच करा. मात्र पंपासाठी सेन्सर येईपर्यंत थांबू नका. हायड्रॉलिक पंप गुरगुरतो तेव्हा बहुतेक वेळा सक्शन स्ट्रेनर (पंप तेल ओढतो त्या तोंडावरची जाळी) तुंबलेला असतो किंवा तेलात हवा शिरलेली असते. टाकीतली तेलाची पातळी आजच बघा आणि येत्या सुट्टीला मशीन बंद करून स्ट्रेनर उघडा.