क्लार्क गेबल कोण, हे कर्कलाही माहीत नव्हतं

तुम्ही विचारलंय की ‘डॉक्टर हू’, ‘स्टार ट्रेक’ अशा जुन्या मालिकांमधले कालप्रवासाचे भाग बघायला घेतलेत, पण त्यातले गाण्यांचे, नटांचे, त्या वेळच्या घडामोडींचे उल्लेख डोक्यावरून जातात. मग आधी ते सगळं वाचून घ्यावं का?

माझं उत्तर, नको. भाग आधी बघा, शोधाशोध नंतर करा. फक्त एक सवय लावून घ्या. असा उल्लेख आला की तो आपल्याला कळला की नाही याची काळजी सोडा आणि पडद्यावर तो कोणाला कळलेला नाही, तिकडे लक्ष द्या. कालप्रवासाच्या चांगल्या भागांमध्ये सगळी गंमत आणि बऱ्याचदा सगळं दुःखही तिथंच असतं.

हे मला उमगलं ते ‘स्टार ट्रेक’च्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागामुळे. ही मालिका लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघायचो, तेव्हा संवाद निम्मेसुद्धा कळत नसत. पुढे कॉलेजात असताना हा भाग वडिलांबरोबर पाहिला. शेवटाकडे एक वाक्य आलं आणि मी भाग थांबवून विचारलं, “बाबा, क्लार्क गेबल कोण?” ते म्हणाले, “मिशीवाला अमेरिकन नट. आमच्या वेळी सगळ्यांना ठाऊक होता.” भाग पुन्हा सुरू केला, तर मालिकेचा नायक, दूरच्या भविष्यातून तिथं आलेला अंतराळयानाचा कॅप्टन कर्क, त्याचा चेहरा माझ्यासारखाच कोरा!

शेवट सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही, तेव्हा भाग पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. साल 1930, मंदीतलं न्यूयॉर्क. इतिहास बिघडलाय. तो सावरायचा तर ईडिथ कीलर ही गरिबांसाठी अन्नछत्र चालवणारी बाई मरायला हवी, हे कर्कला कळलेलं आहे आणि तो तिच्याच प्रेमात पडलाय. दोघं रस्त्यानं चाललेत. घाई केली तर क्लार्क गेबलचा सिनेमा गाठता येईल, असं ती सहज म्हणते. कर्कला नाव कळत नाही. तिला नवल वाटतं, कारण डॉक्टर मॅकॉयनंही असंच विचारलं होतं. मॅकॉय म्हणजे कर्क ज्याला शोधत आलाय तो मित्र. तो इथंच आहे हे कळताच कर्क तिला थांबायला सांगून रस्त्यापलीकडे धावतो. मित्र गळ्यात पडतात. काय चाललंय ते बघायला ती कुतूहलानं रस्ता ओलांडू लागते आणि ट्रक येतो. तिला वाचवायला झेपावलेल्या मॅकॉयला कर्कच धरून ठेवतो. एका नटाचं नाव दोन माणसांना माहीत नव्हतं, त्यावर हा सगळा प्रसंग उभा आहे.

6 एप्रिल 1967 ला हा भाग प्रक्षेपित झाला, तेव्हा गेबलला जाऊन सात वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेतल्या घराघरांत ते नाव पाठ होतं. त्यामुळे कर्क किती लांबच्या काळातून आलाय हे त्या प्रेक्षकांना त्या एका प्रश्नातून समजलं. तुम्हाला-मला गेबल माहीत नसेल, तर आपण त्या रस्त्यावर थेट कर्कच्या जागी उभे असतो. दोन्हीकडून प्रसंग लागू पडतो. एक चूक मात्र आहे. 1930 मध्ये गेबलचं इतकं नाव झालेलंच नव्हतं, सिनेमातला तो बोलबाला 1931 नंतरचा. मला ती चूक कधी खटकली नाही.

‘डॉक्टर हू’, म्हणजे डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाची ब्रिटिश मालिका, तर असल्याच एका अडखळण्यातून सुरू होते. 23 नोव्हेंबर 1963, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी बीबीसीवर पहिला भाग लागला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा आणि वय अवघं 24. लंडनच्या शाळेत शिकणारी, पण दुसऱ्याच काळातून आलेली डॉक्टरची नात सुझन ट्रान्झिस्टर कानाशी धरून एका बँडचं गाणं ऐकत हात नाचवत असते. हा बँड मालिकेसाठी बनवलेला, तो शोधत बसू नका. खरी गोष्ट वर्गात घडते. एका पौंडात किती शिलिंग, हे तिला सांगता येत नाही. मला वाटलं तुमच्याकडे दशमान पद्धत आहे, असं ती म्हणते आणि वर्ग हसतो. मग तिलाच आठवतं की ती अजून सुरू व्हायची आहे!

तेव्हा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. दशमान चलनाची चर्चा ब्रिटनमध्ये चालू होती, प्रत्यक्ष बदल 15 फेब्रुवारी 1971 ला झाला. म्हणजे तो तेव्हाच्या ताज्या बातमीचा उल्लेख होता. आपल्याकडे हे 1957 मध्येच झालं होतं. माझी आजी मात्र पुढेही कित्येक वर्षं पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची. त्यामुळे सुझन कुठे अडखळली हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. नुसतं नाव किंवा तारीख ठाऊक असण्यापेक्षा अशी घरातली ओळख जास्त उपयोगी पडते.

याच शाळेत मालिका 1988 मध्ये परत येते, ‘रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स’मध्ये. कथा 1963 चीच, पण डॉक्टरबरोबर आहे एस, ऐंशीच्या दशकातली मुलगी. ती जिथं उतरलीय त्या घरात टीव्ही चालू असतो. सव्वापाच वाजलेत, आता नव्या विज्ञानकथा मालिकेचा भाग, असं निवेदक सांगतो आणि मालिकेचं नाव उच्चारता उच्चारता दृश्य तुटतं. ती मालिका कोणती, हे प्रेक्षकाला बरोबर कळतं. पण त्याच घराच्या खिडकीत एक पाटी असते, काळ्या लोकांना इथं जागा मिळणार नाही अशा अर्थाची. एस ती हातात घेऊन बघते आणि तिचा चेहरा पडतो. जुन्या आठवणींचं कौतुक आणि त्या आठवणींतून गळलेली पाटी एकाच खोलीत ठेवणारा हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. साठच्या दशकातली गाणी आपल्याला प्रेमानं ऐकवली जातात. ती पाटी सहसा कोणी दाखवत नाही.

आणि आता माझा सगळ्यात लाडका. ‘डॉक्टर हू’मधलीच ‘द चेस’ ही कथा, तिचा पहिला भाग, 22 मे 1965. डॉक्टरकडे भूतकाळ दाखवणारं एक मोठं गोल यंत्र आहे, कुठलाही क्षण टीव्हीसारखा बघायचा. त्याच्याबरोबरच्या प्रवाशांपैकी साठच्या दशकातला इयन अब्राहम लिंकनला बघायला मागतो, बार्बरा शेक्सपिअरला आणि पंचविसाव्या शतकातली व्हिकी मागते बीटल्स हा बँड. पडद्यावर ते ‘टिकेट टू राइड’ गाऊ लागतात. इयन गुणगुणत डोलायला लागतो. व्हिकी म्हणते, छान आहेत हो हे, पण ते शास्त्रीय संगीत वाजवत होते हे मला माहीत नव्हतं!

ब्रिटनमध्ये ते गाणं येऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. घरात बसलेल्या पोरांच्या ओठांवर जे गाणं होतं, ते या वाक्यानं पाचशे वर्षं जुनं करून टाकलं. आपला आजचा दिवससुद्धा कोणाचा तरी इतिहास असणार, हे शनिवारी संध्याकाळी घरच्या टीव्हीवर इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुढचं कळल्यावर तर मी तो तुकडा लगेच पुन्हा लावून पाहिला. बीटल्सचं ते चित्रण बीबीसीच्याच ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमातून घेतलं होतं. टेप महाग, म्हणून बीबीसी त्या काळी जुने कार्यक्रम पुसून टाकायची. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भागही असेच गेले. बीटल्सच्या त्या सादरीकरणाचं मूळ चित्रणही गेलं. उरला तो फक्त या भागात घातलेला तुकडा. भूतकाळ दाखवणाऱ्या खोट्या यंत्रानं खरोखरच तो जपून ठेवला.

म्हणून एक विनंती आहे. हा भाग कुठून बघताय ते तपासून घ्या. हक्कांच्या अडचणीमुळे अशी गाणी घरगुती आवृत्त्यांमधून गाळली जातात. अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीतून बीटल्स काढून टाकलेत. ब्रिटनमधली डीव्हीडी मिळाली तर तीच घ्या, नाहीतर इयन नेमका कशावर डोलत होता हे तुम्हाला दिसणारच नाही.