‘स्वयंसेवक तोफखाना पलटण’ म्हणावं का?

दुसऱ्या महायुद्धात लिबियातल्या टोब्रुक बंदरापाशी झालेल्या लढाईवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे की पुढचं वाक्य मराठीत बरोबर उतरलं आहे का: ‘साउथ नॉटिंगहॅमशायर हुसार्स ही स्वयंसेवक तोफखाना पलटण ६ जून १९४२ रोजी शेवटच्या फेरीपर्यंत लढली.’ मूळ शब्द आहेत ‘व्हॉलंटियर आर्टिलरी रेजिमेंट’ आणि ‘लास्ट राउंड’.

अर्थ पोचतो, पण चित्र चुकतं. आधी ‘स्वयंसेवक’ घेऊ. हा शब्द ऐकला की आपल्यासमोर वारीत पाणी वाटणारा किंवा संमेलनात छातीवर बिल्ला लावून खुर्च्या मांडणारा माणूस उभा राहतो. ब्रिटिश लष्करातला ‘व्हॉलंटियर’ तसा नव्हे. सक्ती नसताना आपखुशीने नाव नोंदवलेला तो अर्धवेळ सैनिक असायचा. नॉटिंगहॅम म्हणजे कोळशाच्या खाणींचं आणि लेस विणणाऱ्या गिरण्यांचं शहर. तिथली पोरं दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी कवायतीला जात आणि वर्षातून एकदा तंबूतल्या शिबिराला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ती पूर्णवेळ सैनिक झाली. १९४० च्या आरंभी पॅलेस्टाईन, मग इजिप्त, आणि १९४१ मध्ये टोब्रुकच्या वेढ्यात महिनोन्‌महिने. अशांना ‘स्वयंसेवक’ म्हटलं की त्यांचं सैनिक असणंच पुसलं जातं. ‘हौशी’ तर मुळीच नको. हौशी रंगभूमी असते, हौशी तोफखाना नव्हे.

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘प्रादेशिक सेना’. १९४९ पासून भारतात ‘टेरिटोरियल आर्मी’ला आपण हेच म्हणतो, आणि ब्रिटनमध्येही त्या काळात या दलाचं नाव टेरिटोरियल आर्मीच होतं. म्हणून ‘प्रादेशिक सेनेतली’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाला ‘आपखुशीने भरती झालेल्या नागरिकांची’ एवढं जोडा.

आता ‘हुसार’. हे मूळचे हंगेरीचे हलके घोडेस्वार. मग तोफखान्याचं नाव हुसार कसं? कारण हे दल १७९४ मध्ये उभं राहिलं तेच मुळी घोडदळ म्हणून. तेव्हा या प्रकाराला ‘योमनरी’ म्हणत. आसपासचे जमीनदार-शेतकरी आपापले घोडे घेऊन येत. वाचताक्षणी मला आपला शिलेदार आठवला. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनीही हिंदुस्थानी रिसाल्यांत ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. तरी भाषांतरात ‘शिलेदार’ घालू नका. आजच्या वाचकाला त्यातून पक्षाचे किंवा साहेबांचे शिलेदार आठवतील. शिवाय शिलेदाराची ती पोटाची चाकरी होती, योमनरीचं तसं नव्हतं. तळटीप देणार असाल तर मात्र ही तुलना जरूर द्या, मराठी वाचकाला ‘योमनरी’ इतक्या लवकर दुसऱ्या कशाने कळणार नाही.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२२ मध्ये, या दलाचे घोडदळपण गेलं आणि हाती तोफा आल्या. नाव मात्र जुनंच राहिलं. कागदोपत्री ती १०७ वी रेजिमेंट, माणसांच्या तोंडी हुसार. म्हणून ‘हुसार्स’चं भाषांतर ‘रिसाला’ असं केलंत तर वाचक घोडे शोधत बसेल. नाव तसंच ठेवा.

‘पलटण’ हा शब्दही इथे बसत नाही. हा शब्द परक्या बोलीतून येऊन आपल्यात इतका मुरला की मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला आजही ‘जंगी पलटण’ म्हणतात. पण पलटण म्हणजे पायदळ, बंदुका घेऊन चालणारी माणसं. तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये तेव्हा तीन बॅटऱ्या म्हणजे तोफांच्या तुकड्या आणि प्रत्येकीत आठ, अशा २४ तोफा असत. तिथे ‘तोफखाना रेजिमेंट’ असंच लिहावं. ‘रेजिमेंट’ आता मराठीच आहे.

राहिली ‘शेवटची फेरी’, आणि मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच. फेरी कुस्तीत, निवडणुकीच्या मतमोजणीत. तोफेचा ‘राउंड’ म्हणजे गोळा. ‘फैर’ही नको, कारण फैर म्हटलं की एकदम झडलेल्या बंदुका ऐकू येतात.

त्या दिवशी काय झालं ते पाहिलं की शब्द आपोआप सापडतो. टोब्रुकच्या नैर्ऋत्येला ‘कॉल्ड्रन’ म्हणजे कढई असं नाव पडलेल्या खोलगट वाळवंटात या रेजिमेंटचे तोफची होते. आदल्या दिवशीचा ब्रिटिश हल्ला फसला होता, पुढे रणगाड्यांचा आधार उरला नव्हता. त्यांची पंचवीस पौंडी तोफ दीड टनाहून जड, चालवायला सहा माणसं. चाकांखाली जात्याच्या पाळीसारखी एक गोल लोखंडी तबकडी, तिच्यावर तोफ चटकन कुठल्याही दिशेला फिरवता येई. आधी गोळा नळीत ठासायचा, मागून दारूचं काडतूस, मग नळीचं मागचं तोंड बंद. एरवी डोंगरापलीकडे गोळे टाकणारी ही तोफ त्या दिवशी समोरून येणाऱ्या जर्मन रणगाड्यांवर सरळ रोखून डागावी लागली. एकेक तोफ बंद पडत गेली. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सीली मारले गेले, बहुतेक सगळे उरलेले कैद झाले. दोन आठवड्यांनी, २० जूनला, जर्मनांनी टोब्रुकचा कोट ज्या आग्नेय बाजूला फोडला तिथे आपली मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. तुमच्या लेखात तो भाग आला तर तिथे खुशाल ‘पलटण’ लिहा.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘प्रादेशिक सेनेतली, आपखुशीने भरती झालेल्या नागरिकांची साउथ नॉटिंगहॅमशायर हुसार्स ही तोफखाना रेजिमेंट ६ जून १९४२ रोजी अखेरच्या गोळ्यापर्यंत लढली.’ थोडं लांबलं आहे. संपादकाने कात्री लावली तर ‘नागरिकांची’ जाऊ द्या, ‘गोळ्यापर्यंत’ नको.