एकच क्रियापद, कधी झाकणारं, कधी उघडं पाडणारं

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रात ‘हर स्माइल बिलाइड हर ग्रीफ’ असं वाचलं आणि ‘द फिगर्स बिलाय द क्लेम’ असंही. पहिल्या वाक्यात दुःख खरं आहे, दुसऱ्यात दावा खोटा आहे. मग एकच क्रियापद दोन्हीकडे कसं? अनुवादात मी सगळीकडे ‘खोटं ठरवणे’ लिहिते, ते पहिल्या वाक्यात बसत नाही.
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : बसणारही नाही. ‘बिलाय’ (belie, भूतकाळी ‘बिलाइड’) फक्त एवढंच सांगतं की दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. त्यातली खरी कोणती, हे वाक्यावरून आपण ठरवायचं. म्हणून अनुवादाआधी कर्ता फसवा आहे की कर्म खोटं आहे, ते पाहा.

कांद्याच्या चाळीचं उदाहरण घ्या. वरचा थर खणखणीत, खाली सड लागलेली. ‘द ड्राय ऑनियन्स ऑन टॉप बिलाइड द रॉट बिनीथ.’ इथे कर्ता फसवा आहे, म्हणून मराठीत ‘वरच्या कोरड्या कांद्यांवरून खालच्या सडीचा पत्ता लागत नव्हता’. उलट, माल निर्यातीच्या प्रतीचा असल्याचा दावा आहे आणि सड उघड दिसते आहे : ‘द रॉट बिलाइड द क्लेम.’ आता कर्म खोटं, म्हणून ‘सडीने दावा खोटा पाडला’.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, आणि वर्तमानपत्रांत तो वारंवार येतो. पंचाहत्तरीचे गृहस्थ झपाझप ब्रह्मगिरी चढतात : ‘हिज पेस बिलाइड हिज एज.’ चाल खरी, वयही खरं. खोटा ठरतो तो वयावरून आपण बांधलेला अंदाज. इथे ‘चालीने वय खोटं ठरवलं’ असं लिहिलंत तर वाक्य पोकळ होतं. ‘त्यांची चाल पाहून वय वाटत नव्हतं’, एवढं पुरे.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच : ‘उघड करणे’ या अर्थी हे क्रियापद वापरणं. बोलण्याच्या ढबीवरून माणूस नाशिककडचा हे कळलं, तर ‘हिज अ‍ॅक्सेंट बिट्रेड हिज ओरिजिन्स’ म्हणायचं. तिथे ‘बिलाइड’ घातलं की अर्थ नेमका उलटतो : ढबीवरून नाशिकचा वाटलाच नाही. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे चुकतात, कारण दोन्ही क्रियापदांची सुरुवात सारखी आहे आणि दोन्ही वाक्यांत काहीतरी दडलेलं असतं.

आजच्या इंग्रजीत याचा कर्ता बहुधा वस्तू, रूप, आकडे, वागणूक असा असतो. माणूस कर्ता असेल तर दुसरं क्रियापद घ्या : मंत्र्यांनी आरोप नुसता नाकारला तर ‘डिनाइड’, पुराव्यानिशी खोडला तर ‘रिफ्यूटेड’. ‘बिलाय’नंतर थेट ‘दॅट’ जोडू नका, मध्ये ‘द फॅक्ट’ हवं. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ‘होप्स वेअर बिलाइड’ हमखास सापडतं. ती चूक नव्हे, अपेक्षा पूर्ण न होणे हा अर्थ शब्दकोशांत आहे. मराठीत तिथे ‘आशा फोल ठरल्या’ लिहा.

स्पेलिंगचं एक : ‘बिलाइंग’ लिहिताना शेवटचे आय-ई जाऊन वाय येतो, ‘लाय’चं ‘लाइंग’ होतं तसंच.