डीएफआय ३४ टक्के : ‘बाळात व्यंग तर येणार नाही ना?’

दोन गर्भपातांनंतर एक जोडपं समुपदेशनाला आलं. तो ३६ वर्षांचा, ती ३१ची. चौकशी आतापर्यंत फक्त तिच्याच तपासण्यांभोवती फिरली होती, कारण त्याच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल, आकार सगळं ठीक होतं. असं अजूनही सर्रास होतं आणि ते बरोबर नाही. शेवटी शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी झाली : डीएफआय ३४ टक्के. त्याचा पहिलाच प्रश्न, “म्हणजे बाळात व्यंग येणार?”

डीएफआय म्हणजे डीएनएचे धागे तुटलेल्या शुक्राणूंचं प्रमाण. आनुवंशिक आजार त्यात दिसत नाहीत, म्हणून बाळात व्यंग येणार की नाही हे या आकड्यावरून ठरत नाही. गुणसूत्रांसाठी कॅरिओटाइप ही वेगळी तपासणी असते. थोडीफार तूट, म्हणजे धागे तुटणं, स्त्रीबीज स्वतः दुरुस्त करतं. स्त्रीचं वय वाढलं की स्त्रीबीजाची ही क्षमता घटते. तूट जास्त असेल तर गर्भ राहायला वेळ लागू शकतो, गर्भपाताचा धोका वाढतो. साधारणपणे १५च्या खाली चांगलं आणि ३०च्या वर जास्त समजतात. पण ३४ म्हणजे मूल होणारच नाही, असं नव्हे.

मग तूट वाढण्याची कारणं बारकाईने विचारली. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्याने नमुन्याआधी ११ दिवस संबंध टाळले होते. नेमकं उलट होतं : शुक्राणू साठून राहिले की तूट वाढते. दोन ते सात दिवसांचं अंतर पुरे. महिनाभरापूर्वी त्याला जोराचा ताप येऊन गेला होता. सिगारेट रोजची. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, हाताला लागल्या.

ठरलं ते असं : सिगारेट बंद, मांडीवर लॅपटॉप नाही, संबंध दर एक-दोन दिवसांनी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे नळीतून प्रवासाचे काही दिवस. म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, पण नमुन्याआधी दोन ते सात दिवसांचंच अंतर ठेवून. पद्धत बदलली की आकड्यांची तुलना फसते. अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉक्सी या वैद्यकीय अभ्यासात या गोळ्यांनी डीएनएची तूट कमी झाली नाही. आणि ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर मुळीच नको, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेचा निर्णय फेरतपासणीनंतर. ती ३१ची असल्याने ही वाट पाहणं परवडतं. ३८ची असती तर डॉक्टरांनी पुढच्या उपचारांचं बोलणं लगेच सुरू केलं असतं.