संरक्षण खर्चाच्या आढाव्यासाठी बाहेरचे सल्लागार कशाला?

महू छावणी शेजारीच असल्याने हा प्रश्न आम्हा इंदूरकरांना जवळचा वाटतो. खात्याने स्वतःचाच खर्च तपासला, तर जुनी पदे सहसा जागच्या जागी राहतात. म्हणून २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या सैन्यदलांकडे पाठवलेल्या ९९ शिफारशींपैकी ६५ सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये स्वीकारल्या, ज्यांत सुमारे ५७,००० पदांची फेररचना आणि १८८९ पासून चालत आलेले, लष्कराला दूध पुरवणारे मिलिटरी फार्म बंद करणे होते. महालेखापरीक्षकांची तपासणी वेगळी चालतेच. माझ्या मते सल्लागार जरूर असावेत, मात्र त्यांचे शस्त्रपुरवठादारांशी हितसंबंध नसावेत आणि अहवालातील गोपनीय नसलेला भाग संसदेपुढे यावा. शेकटकर समितीचा पूर्ण अहवाल जाहीर झाला नाही, हे मला खटकते.