कमी ऐकू येणाऱ्या मुलाला साध्या शाळेत शिक्षक सांभाळून घेतील का?

ताई, तुमचा मुलगा ७ वर्षांचा, दोन्ही कानांना मशीन, आणि इंदूरच्या साध्या शाळेत घातलं तर शिक्षक सांभाळून घेतील का, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच, राजवाड्याजवळच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत २२ वर्षं शिकवतेय, म्हणून आतली गोष्ट सांगते.

तोंडावर ‘नको’ म्हणणारे फारसे भेटणार नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तशी सोयही ठेवलेली नाही. अडचण वेगळीच आहे. आमच्यातल्या बहुतेकांना मशीन म्हणजे चष्मा वाटतो, घातला की झालं! पण मशीन सगळंच मोठं करतं: पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, खिडकीखालच्या टेम्पोचा भोंगा. त्यातून बाईंचा आवाज वेचून काढायचं काम पोरालाच करावं लागतं. शेवटच्या तासापर्यंत ते दमून जातं आणि डायरीत शेरा येतो, ‘ध्यान नहीं देता’.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? माझ्याच चौथीच्या वर्गात, ५२ मुलांत, अशी एक मुलगी होती. तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि आपलं काम झालं असं मी समजले. “समझ में आया?” विचारलं की मान डोलवायची. श्रुतलेख शेजारणीचा बघून लिहायची, त्यावरून मी दोनदा रागावलेसुद्धा. एके दिवशी शेजारीण आली नव्हती. वहीत पहिली ओळ बरोबर, पुढे पान कोरं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिली ओळ मी टेबलाशी उभी राहून सांगितली होती. मग सवयीनं बाकांमधून फिरत, तिच्याकडे पाठ करून.

पुढे मी एका जागी उभं राहून सांगायला लागले, फळ्याकडे तोंड असताना बोलणं बंद केलं, आणि ‘समजलं का’ऐवजी ‘काय करायचंय ते सांग’ असं विचारू लागले. जास्तीचा वेळ म्हणाल तर काहीच लागला नाही.

ओठ वाचून सगळं कळतं हाही गैरसमजच. आरशासमोर आवाज न काढता ‘बाबा’, ‘पापा’, ‘मामा’ म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात.

नकार देणाऱ्यांपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती दयाळू शिक्षकांची. “बेचारा है, इसको मत पूछो” म्हणत ते पोराला वर्षभर एकही प्रश्न विचारत नाहीत, आणि स्नेहसंमेलनात त्याला झाड करून उभं करतात. दुसरी टोकाची जात म्हणजे “इसको तो सब सुनाई देता है” म्हणणारे. कायद्याच्या व्याख्येत कमी ऐकू येणारा म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेला. त्याहून कमी दोष असलेली मुलं कागदावर कुठेच बसत नाहीत, तीच जास्त यांच्या तावडीत सापडतात.

आणखी एक. “घरात मराठी बंद करा, हिंदीच बोला” हा सल्ला कुणीतरी देईलच. माझ्याच एका सहकारी बाईंनी एका घराला दिला होता. ऐकू नका. तुमच्या तुटक हिंदीपेक्षा आजीची अखंड बडबड त्याच्या जास्त कामाची. फार तर पुढच्या धड्यातले हिंदी शब्द आदल्या रात्री त्याच्या कानावरून घाला.

मशीनच्या सेलचं मात्र बाईंना स्वतः दाखवा. स्टिकर काढला की सेल चालू होतो, हे त्यांना माहीत नसतं. सेलची जास्तीची एक पट्टी त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून या, कारण सेल संपला की मशीन गप्प, पोरगंही गप्प, आणि वर्गात गप्प पोराची तक्रार कोण करतं?

प्रवेशाच्या आधी वर्ग बघायला मागा. बाईंच्या पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळोखात जातो, ओठ दिसत नाहीत. आणि तुमच्याशी बोलताना त्या तुमच्याकडे बघतात की कपाटाकडे, तेही बघून घ्या.