जर्मन वसाहतवादी, वसाहतकार की निर्वासित?

प्रश्न असा आहे: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हानडॉर्फ या गावाविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना ‘१८३८ साली जर्मन वसाहतवादी येथे आले’ असे वाक्य लिहिले गेले. तपासणाऱ्याने ‘वसाहतवादी’ खोडून ‘निर्वासित’ केले. बरोबर कोण?

माझ्या मते दोघेही थोडे चुकले, पण तपासणाऱ्याला खटकले ते योग्यच. ‘वादी’ लागला की शब्दाला मत चिकटते. समाजवादी म्हणजे समाजवाद मानणारा, तसा वसाहतवादी म्हणजे परमुलखावर सत्ता गाजवण्याचे धोरण मानणारा किंवा राबवणारा. तो शब्द सरकारला, कंपनीला, गव्हर्नरला शोभतो. जहाजातून उतरलेल्या शेतकऱ्याला, सुताराला तो लावायचे काही कारण नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ‘कलोनियलिस्ट’ आणि ‘कलोनिस्ट’ या इंग्रजीतल्या दोन वेगळ्या शब्दांना हा एकच मराठी शब्द वापरायची सवय लावली आहे.

या प्रकरणात तर गोंधळ दुप्पट होतो, कारण वसाहत जर्मनीची नव्हतीच. १८३८मध्ये जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र नव्हते. जर्मन साम्राज्य स्थापन झाले १८७१ला आणि त्याने परमुलखात वसाहती घ्यायला सुरुवात केली ती १८८४पासून: टोगो, कॅमेरून, आजचा नामिबिया वगैरे. हानडॉर्फला आलेली माणसे बहुतांशी प्रशियाच्या राजाची प्रजा. ती गेली दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या ब्रिटिश वसाहतीत. आपल्याकडे ‘वसाहत’ हा शब्द फारच ऐसपैस आहे. त्यात ब्रिटिशांची वसाहत येते, पोलीस वसाहत येते आणि औद्योगिक वसाहतही. त्यामुळे ‘जर्मन वसाहत’ असे शीर्षक दिले की निम्मे वाचक सरळ आफ्रिकेत पोचतात. तिथे ‘जर्मनांनी वसवलेले गाव’ लिहा. एक शब्द वाढेल, वाढू द्या.

आता ‘निर्वासित’. हा शब्द का सुचला ते कळते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याने लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रॉटेस्टंट पंथ एकत्र केले आणि १८३०नंतर नवी उपासनापद्धती सक्तीने लादली. ज्या पाळकांनी ती नाकारली त्यांना दंड झाले, काहींना तुरुंग झाला. ‘जुने लुथरन’ म्हणवणारे हे लोक. त्यांच्यातले पाद्री ऑगस्ट काव्हेल १८३६मध्ये लंडनला जाऊन जॉर्ज फाइफ अँगस या व्यापाऱ्याला भेटले. साउथ ऑस्ट्रेलिया कंपनीचा हा प्रमुख. त्याला धर्माबद्दल कळकळ होती आणि नव्या वसाहतीत कष्टाळू माणसेही हवी होती. त्याने प्रवासासाठी सुमारे ८,००० पौंड कर्जाऊ दिले, व्याजाने. पण निघायची परवानगी मिळायला आणखी दोन वर्षे गेली, आणि ती मिळाल्यावरच माणसे निघाली. हाकलून लावलेल्यांना कोणी पारपत्रासाठी ताटकळत ठेवत नाही. शिवाय मराठीत १९४७नंतर ‘निर्वासित’ म्हटले की फाळणी, छावण्या आणि उल्हासनगर डोळ्यांपुढे येते. तो भार या वाक्यावर नको. कारण सांगायचेच असेल तर ‘धर्मछळामुळे देश सोडलेले’ म्हणा.

कर्ज होते म्हणून ‘गिरमिटिये’ चालेल का, असेही कोणी विचारील. नाही चालणार. त्याच दशकात मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या, त्यात रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते, गळ्यात ठरावीक वर्षांच्या मजुरीचा करार होता. या लुथरनांवर पैशांचे ओझे होते, मजुरीचे बंधन नव्हते. हानडॉर्फची जमीन मिळाली ती ‘झेब्रा’ जहाजाचा कप्तान डिर्क हान याच्या रदबदलीने. डिसेंबर १८३८च्या शेवटी उतारू पोचवून हा माणूस लगेच परत फिरला नाही. त्याने डटन वगैरे जमीनमालकांशी बोलणी केली, पहिल्या वर्षाचे भाडे माफ करून घेतले. पेशवाईत नवी पेठ वसवताना द्यायचे तसला कौलच म्हणा. लोकांनी गावाला त्याचे नाव दिले. डॉर्फ म्हणजे गाव. बायका भाजी, लोणी, अंडी घेऊन रात्रीच डोंगर उतरत आणि पंचवीस किलोमीटरहून लांब ॲडलेडच्या बाजारात सकाळी पोचत, चालत.

अशा माणसांना मी ‘वसाहतकार’ म्हणेन. ‘स्थलांतरित’ चुकीचा नाही, पण तो फक्त हलण्याबद्दल बोलतो, वसण्याबद्दल गप्प राहतो. आणि वसणे इथे निरुपद्रवी नव्हते. हानडॉर्फची जागा पेरामांक लोकांची. तिचे जुने नाव बुकार्टिला. ‘वसाहतकार’ शब्दात आधीच्या रहिवाशांची थोडी आठवण राहते, म्हणूनही तो मला बरा वाटतो.

शब्दांच्या शौकिनांसाठी एक जोड. टाइखलमान आणि श्यूर्मान हे दोन जर्मन मिशनरी या वसाहतकारांच्या थोडे आधी, ऑक्टोबर १८३८मध्ये ॲडलेडला उतरले. जहाजाचे नाव ‘पेस्तनजी बमनजी’, म्हणजे मुंबईच्या पारशी गृहस्थाचे! त्यांनी ॲडलेडच्या मैदानी भागातल्या काउर्ना लोकांची भाषा शिकून १८४०मध्ये तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. पुढे ती भाषा बोलण्यातून गेली. आज ती पुन्हा शिकवली जाते ती मुख्यतः या दोघांच्या नोंदींवरून. यांना अर्थातच मिशनरीच म्हणायचे.

तुमच्या लेखात पुढे १९१७चा प्रसंग येईल, तिथे पुन्हा जपा. पहिल्या महायुद्धात दक्षिण ऑस्ट्रेलियाने कायदा करून ६९ जर्मन गावनावे पुसायचे ठरवले. हानडॉर्फचे ॲम्बलसाइड झाले, क्लेमझिगचे तर गाझा! दोन्ही जुनी नावे १९३५मध्ये परत आली. ज्यांची गावे अशी बदलली त्यातले बहुतेक तिथेच जन्मलेले होते. त्यांना ‘जर्मन वसाहतकार’ म्हणू नका, ‘जर्मन वंशाचे’ म्हणा.

मूळ वाक्य मी असे करीन: ‘१८३८च्या अखेरीस प्रशियातून निघालेली लुथरन कुटुंबे दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली आणि पुढच्या वर्षी हानडॉर्फला वसली.’ नामावर अडून बसण्यापेक्षा क्रियापद वापरले की मराठी मोकळी होते. आणि हानडॉर्फच लिहा, ‘हाह्नडॉर्फ’ नको. जर्मनमधला तो ‘एच’ आधीचा स्वर लांबवण्यापुरता असतो, उच्चारात येत नाही.